दिलासा कोणाला? पेपर वाचायची माझी रीत

२९ सप्टेंबर २०१९, रविवारची रात्र. केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातल्याची बातमी आली तेव्हा पुण्यातल्या आमच्या पेपरच्या डेस्कवर शिफ्ट माझ्याकडे होती. विधानसभेचं मतदान तीन आठवड्यांवर, पानं उमेदवार याद्यांनी भरलेली. कांद्याला कसेबसे दोन कॉलम मिळाले. मी हेडिंग दिलं, 'कांदा निर्यातबंदीमुळे ग्राहकांना दिलासा'. पान लावणारा म्हणाला, "मॅडम, बसत नाहीये. एक शब्द काढा." मी 'ग्राहकांना' काढला. बसलं. पान सोडलं आणि घरी येऊन झोपले.

सकाळी सात वाजता धाकट्या भावाचा फोन. तो निफाड तालुक्यात शेती करतो. त्या दिवशी त्याच्या कांदा साठवायच्या चाळीत उन्हाळ कांद्याचा शेवटचा साठा होता. एप्रिलपासून राखलेला, पावसाळ्यात बराच सडलेला, उरलेल्याला तरी भाव मिळेल म्हणून ठेवलेला. आमच्या पेपरचं पान कोणीतरी त्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. हॅलो नाही, काही नाही. "ताई, दिलासा कोणाला गं?"

हेडिंग माझंच आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. आता इथे वाचेल तेव्हा कळेल.

त्या हेडिंगमध्ये खोटं काहीच नव्हतं. मला कोणी पैसे दिले नव्हते, मालकांचा फोन आला नव्हता, मंत्र्यांचा तर नाहीच. डेस्कवर आम्ही सहा जण होतो आणि सहाही जण कांदा किलोने विकत घेणारे. ट्रॅक्टरने विकणारा एकही नव्हता. माध्यमांचा पक्षपात म्हटलं की लोक पाकीट, फोन, कटकारस्थान शोधायला लागतात. तेही असतं, त्याकडे पुढे येते. पण रोजच्या पेपरातला बराचसा कल असाच शिरतो. लिहिणारा कुठे बसलाय यातून, आणि कॉलममध्ये काय मावत नाही यातून.

२०२१ मध्ये निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी आमच्या पेठेतल्या वाचनालयात मी काही जणांबरोबर पेपर वाचत बसते. स्पर्धा परीक्षेची पोरं असतात, दोन-तीन आजोबा असतात, एक नर्सबाई ड्युटी नसेल तेव्हा येतात. तिथे आम्ही जे करतो तेच खाली लिहिलंय. लागतं काय, तर एक पेन्सिल, दोन वेगळ्या मालकांचे पेपर आणि वीस मिनिटं.

ज्यातलं कळतं तिथून सुरुवात

राजकारणाच्या पानापासून सुरुवात करू नका. तिथे आपलं मत आधीच तयार असतं आणि आपण बातमी वाचत नाही, तपासनीस होऊन बसतो. तुमच्या कामातली बातमी घ्या. शिक्षक असाल तर शाळेची, रिक्षा चालवत असाल तर रिक्षाच्या भाड्याची, नर्स असाल तर दवाखान्याची. ती ओळीओळीने वाचा आणि पेन्सिलने लिहा: काय चुकलंय, काय राहिलंय, कोणाला विचारलंच नाही.

माझ्या घरात कांदा, म्हणून मी कांद्याचंच सांगते. बाजार समितीत भाव क्विंटलने निघतो, शहरात भाजी किलोने घेतात. 'कांदा पाचशे रुपयांनी वधारला' असं हेडिंग आलं की पुण्यातला माणूस दचकतो. पाचशे म्हणजे किलोमागे पाच रुपये. दुसरं, बाजार समिती रोज तीन आकडे देते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. 'विक्रमी भाव' म्हणून जो आकडा पहिल्या पानावर येतो तो बहुतेक वेळा कमाल असतो, म्हणजे त्या दिवशी एखाद्या ट्रॅक्टरला मिळालेला. बाकीच्या शेकडो वाहनांना काय मिळालं ते सर्वसाधारण भावात दिसतं. भाव पडल्याची बातमी असेल तर नेमका किमान आकडा उचलला जातो. दोन्ही आकडे खरेच असतात. बातमीदाराने कुठला उचलला, त्यावरून त्याला कुठली गोष्ट सांगायची होती ते कळतं.

आणि आवृत्ती बघा. ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा निर्यातबंदी आली, ती पुढच्या वर्षी ४ मे रोजी उठली. बंदी लागली त्या आठवड्यात मी एकाच दैनिकाची पुणे आणि नाशिक आवृत्ती ई-पेपरवर शेजारी शेजारी उघडून बसले. मालक एक, संपादक एक. नाशिकच्या पानावर लिलाव बंद, रास्ता रोको, शेतकऱ्यांचे चेहरे. पुण्याच्या पानावर मंडईतला भाव आणि हॉटेलवाल्यांची प्रतिक्रिया. नाशिककरांना वाटत राहिलं की सगळा महाराष्ट्र पेटलाय, पुणेकरांना वाटत राहिलं की काही विशेष घडलं नाही. ई-पेपरवर आवृत्ती बदलायला एक बोट लागतं. महिन्यातून एकदा तरी लावा.

हे आठ-दहा बातम्यांवर केलं की डोळा तयार होतो. मग राजकारणाच्या पानावर जा. आपल्या विषयाची बातमी ज्या घाईने लिहिली गेली, त्याच घाईने आणि बहुधा त्याच हाताने ते पान लिहिलं गेलंय, एवढं फक्त लक्षात असू द्या.

पेन्सिल कुठे मारायची

मराठी हेडिंगमध्ये काही शब्द आम्ही मिठासारखे टाकतो. तब्बल, अवघे, केवळ, चक्क, अखेर, मात्र. कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, अळणी वाटली की घाल एक चिमूट. मी स्वतः हजारो वेळा घातलंय. आता वाचनालयात पहिला नियम हाच की हे शब्द खोडायचे आणि उरलेलं वाचायचं.

मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने कांद्याला आधी क्विंटलमागे ३०० आणि चार दिवसांत वाढवून ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. 'कांद्याला तब्बल साडेतीनशे रुपये अनुदान' असं लिहिता येतं आणि 'कांद्याला अवघे साडेतीनशे रुपये अनुदान' असंही. 'तब्बल' आणि 'अवघे' खोडा. उरतात साडेतीनशे, आणि लगेच पुढचा प्रश्न पडतो, कशाला साडेतीनशे? क्विंटलला. म्हणजे किलोला साडेतीन रुपये. आता ते जास्त की कमी, ते तुमचं तुम्ही ठरवा. ज्याने आधी विशेषण लावलं त्याने तुमच्या वतीने ठरवून टाकलं होतं.

'अखेर' फार लबाड शब्द आहे. 'अखेर मंत्री आले' म्हटलं की आधी यायला हवे होते हे न सांगता सांगितलं गेलं. 'मात्र' तर त्याहून वरचा. 'मंत्र्यांनी मदत जाहीर केली. मात्र विरोधकांनी टीका केली' आणि 'विरोधकांनी टीका केली. मात्र मंत्र्यांनी मदत जाहीर केली', दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचून बघा. 'मात्र'नंतर जो येतो तो जिंकतो. डेस्कवर हे कोणी शिकवत नाही, हात आपोआप शिकतो.

प्रश्नचिन्हाच्या हेडिंगसाठी वेगळी पेन्सिल नको. 'अमुक नेते पक्ष सोडणार?' याचा अर्थ, आम्हाला माहीत नाही, पण जागा भरायची होती. पुढे जा.

म्हणण्याची क्रियापदंही अशीच. एक नेता 'म्हणाला', दुसऱ्याने 'दावा केला', तिसऱ्याने 'कबुली दिली', चौथ्याने 'खडे बोल सुनावले'. 'दावा' म्हटलं की शंका आली, 'कबुली' म्हटलं की गुन्हा आला, 'खडे बोल' म्हटलं की बोलणारा मोठा झाला. सगळीकडे 'म्हणाले' घालून वाचा. अर्ध्या बातम्यांतला आवेश तिथेच गळून पडतो.

झाला म्हणजे कोणी केला?

ही माझी आवडती जागा आहे, म्हणून इथे जरा बसते.

मराठीत कर्ता गायब करणं फार सोपं आहे. 'लाठीमार झाला.' 'जमीन संपादित झाली.' 'झाडे तोडण्यात आली.' 'घरे पाडण्यात आली.' काठी कोणाच्या हातात होती, जमीन कोणी घेतली, सही कोणाची होती, काही सांगावं लागत नाही. पण तीच बातमी दुसऱ्या बाजूची असली की कर्ता लगेच हजर होतो: 'आंदोलकांनी बस फोडल्या', 'शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला'. एका पेपरातल्या कुठल्याही आंदोलनाच्या बातमीत 'झाले' आणि 'केले' मोजा. कोणाच्या वाट्याला 'झाले' येतं आणि कोणाच्या वाट्याला 'केले', ते दोन मिनिटांत समजतं.

त्यापेक्षा बारीक शब्द म्हणजे 'नंतर'. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी पोलिसांनी लाठीमार केला. दगडफेकही झाली. आधी काय झालं, हाच सगळा वाद होता. पोलीस एक सांगत होते, गावकरी दुसरं. आता बघा: 'दगडफेकीनंतर लाठीमार' लिहिलं की पोलिसांचं म्हणणं खरं ठरलं, 'लाठीमारानंतर दगडफेक' लिहिलं की गावकऱ्यांचं. संध्याकाळी आठ वाजता पुणे-मुंबईच्या डेस्कवर बसलेल्या माणसाला आधी काय झालं हे कळणं शक्य नव्हतं. तरी हेडिंगमध्ये 'नंतर' टाकावाच लागतो असं त्याला वाटतं, कारण त्याशिवाय वाक्य जुळत नाही. जमत होतं की, 'लाठीमार, दगडफेक. आधी कोण यावरून वाद' असं. पण ते कोणी देत नाही. वाचताना हा 'नंतर' दिसला की थांबा आणि विचारा, हा क्रम बातमीदाराला कोणी सांगितला?

(माझ्या वरच्या वाक्यातही 'लाठीमार' आधी आलाय आणि त्याला कर्ता आहे, दगडफेकीला नाही. रविवारच्या पोरांनी मला हे दाखवलं. तसंच ठेवतेय, तुम्हीही पकडावं म्हणून.)

अहो-जाहो

इंग्रजी पेपर वाचणाऱ्यांना न मिळणारी एक सोय आपल्याला आहे. मराठीत प्रत्येक माणसाबद्दल 'तो' म्हणायचं की 'ते', हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं. त्यातून त्याचं मन उघडं पडतं.

आर्थिक घोटाळ्यातले संचालक असतात 'ते'. 'त्यांना न्यायालयीन कोठडी सुनावण्यात आली.' मोबाइल चोरणारा असतो 'तो'. 'त्याला बेड्या ठोकल्या.' दोघांवरही आरोपच, दोघांचाही खटला उभा राहायचाय. बेड्या फक्त एकालाच. महिला आमदाराचा उल्लेख पहिल्या नावाने होतो, शेजारच्या पुरुष आमदाराचा आडनावाने. घरकाम करणाऱ्या बाईला गाडीने उडवलं की ती 'मोलकरीण', गाडी चालवणारा मात्र 'उद्योजकाचा मुलगा'. एका पानावरचे सगळे 'तो' आणि 'ते' वेगळ्या रंगांनी रंगवा. पोरांना हा खेळ फार आवडतो. शेवटी पानावर समाजाची उतरंड दिसते.

जातीची गोष्ट याच्याही पुढची. नव्वदच्या दशकात, नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, एका दरोड्याच्या बातमीला मी 'पारधी टोळीचा धुमाकूळ' असं हेडिंग दिलं होतं. पुरावा काय, तर ठाण्यातून फोनवर आलेला एक शब्द. तपासात पुढे भलतेच लोक निघाले. आम्ही ती दुसरी बातमी दिली, आत, एका कॉलमात, आणि तिच्यात जात नव्हती, कारण ते लोक 'आपल्यातले' होते. अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. माझ्या डोक्यातून तो गेलाच नव्हता. गुन्ह्याच्या बातमीत जात, धर्म किंवा 'परप्रांतीय' दिसलं की एवढंच करा: त्या जागी स्वतःची जात किंवा जिल्हा घालून हेडिंग वाचा. 'कोकणस्थ टोळी', 'सातारकर टोळी'. हसू आलं, तर तो शब्द तिथे नको होता.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात डॉ. आंबेडकरांनी लिहिलं होतं की मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत. आणि त्याही आधी, मुलींच्या शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर टिळकांचा 'केसरी' विरोधात आणि आगरकरांचा 'सुधारक' बाजूने होता. आगरकर 'केसरी'चेच पहिले संपादक. त्या काळच्या वाचकाला निदान कोणता पेपर कोणाचा हे ठाऊक असायचं, बाजू लपवलेली नव्हती. आज सगळेच 'निःपक्ष' असतात, त्यामुळे काम वाढलंय.

माणसं मोजा

बातमीत बोललेली माणसं मोजा. नावासकट बोललेली, फक्त हुद्द्याने बोललेली आणि अजिबात न बोललेली. धरणाची बातमी असेल तर मंत्री, अधीक्षक अभियंता, आमदार बोलतात. ज्याचं घर पाण्याखाली जाणार तो बहुधा शेवटच्या परिच्छेदात 'ग्रामस्थांमधून नाराजी व्यक्त होत आहे' एवढाच उरतो. डेस्कवर जागा कमी पडली की कॉपी खालून कापतात, हे लक्षात घ्या. शेवटचा परिच्छेद म्हणजे उंबरठ्यावर बसवलेला पाहुणा, कधीही बाहेर जाईल.

'सूत्रांनी सांगितले' याला सरसकट नावं ठेवणं बरोबर नाही. काही माणसांची नोकरी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो, त्यांचं नाव लपवलंच पाहिजे. माझी कसोटी साधी आहे. जे सांगितलं त्यात सांगणाऱ्याला धोका आहे का? कारकून साहेबाच्या फायलीबद्दल बोलला तर धोका आहे, सूत्र मान्य. पण 'अमुक नेत्यांवर श्रेष्ठी खूश असल्याचे सूत्रांनी सांगितले', यात कोणाला काय धोका? हे तर त्या नेत्याच्याच माणसाने चहा पिता पिता सांगितलेलं असतं. 'असे समजते', 'असे बोलले जाते', 'चर्चेला उधाण आले' हे तिघे सूत्रांचे चुलतभाऊ. चर्चा कोण करत होतं? बहुतेक वेळा दोन बातमीदार.

आता पाकिटाकडे

पैसे घेऊन छापलेल्या बातम्या ओळखणं तुलनेने सोपं आहे, कारण त्या लिहिणाऱ्याला लपवण्याची फारशी तसदी घ्यावीशी वाटत नाही. एकच मजकूर, शब्दाला शब्द, दोन प्रतिस्पर्धी पेपरांत वेगवेगळ्या प्रतिनिधींच्या नावाने. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी हेच झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी, काही ठिकाणी 'अशोक पर्व' अशा नावाने आलेली पानं महाराष्ट्रातल्या मोठ्या दैनिकांत झळकली. 'द हिंदू'मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांनी ती शेजारी शेजारी ठेवून दाखवली. पुढच्या वर्षी, वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने पेड न्यूजवर सविस्तर अहवाल तयार केला, आणि कौन्सिलने आधी त्याची छोटी आवृत्तीच मान्य केली. चव्हाणांविरुद्धची निवडणूक आयोगाची कारवाई दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द ठरवली. हे शेवटचं वाक्य अनेक जण गाळतात. आरोप पहिल्या पानावर आणि निकाल कुठेच नाही, हाही पक्षपातच, आणि तो सगळ्यांच्याच बाबतीत होतो.

निवडणूक नसतानाची ओळख अशी. बातमीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'वा. प्र.' म्हणजे वाणिज्य प्रतिनिधी असेल, 'फीचर' असेल, टाइप नेहमीपेक्षा वेगळा असेल, तर ती जाहिरात समजा. बिल्डरची मुलाखत आणि त्याच पानावर त्याच बिल्डरची पाव पान जाहिरात असेल, तर मुलाखतीत अवघड प्रश्न शोधत बसू नका. आणि तालुक्याच्या पुढाऱ्याचा वाढदिवस. ती पुरवणी ज्याने भरली, तो तालुक्याचा वार्ताहर असतो. त्याला बऱ्याचदा पगार नसतो, जाहिरातीवर कमिशन असतं. ज्या पुढाऱ्याकडून त्याने मार्चमध्ये जाहिरात आणली, त्याच्या पाणीयोजनेतला गैरव्यवहार तो एप्रिलमध्ये कसा लिहिणार? त्या पोराला शिव्या घालण्यात मला रस नाही. पण वाचक म्हणून तारखा लक्षात ठेवा: कोणाच्या वाढदिवसाची पुरवणी किती पानी होती आणि पुढचं वर्षभर त्याच्याविरुद्ध किती ओळी आल्या. पहिलं पान अख्खं झाकणाऱ्या जाकीट जाहिरातीही अशाच वहीत टिपून ठेवा. सरकारी असोत की खासगी.

आठ दिवसांनी

रद्दीवाल्याला आठवड्याने बोलवा. सोमवारचा पेपर पुढच्या सोमवारी पुन्हा काढा. पहिल्या पानावर गाजलेली बातमी पुढे कुठे गेली? अटक पाच कॉलम, सुटका एक कॉलम, हे नेहमीचं. 'दिलगिरी' किंवा 'खुलासा' नावाची चौकट शोधा. ती कधी दिसलीच नाही, तर त्या पेपरचं कधीच चुकत नाही असा अर्थ घेऊ नका. जो पेपर चूक छापून मान्य करतो त्याला मी दोन गुण जास्त देते.

टीव्हीबद्दल फार सांगत नाही. आवाज बंद करा आणि पाच मिनिटं खालच्या पट्ट्या नुसत्या वाचा. ज्यात 'मोठी बातमी' लिहिलंय त्यातल्या किती संध्याकाळपर्यंत उरतात ते बघा. मोबाइलवर आलेलं पेपरचं कात्रण असेल तर त्यावर तारीख आणि आवृत्ती आहे का पाहा. नसेल तर त्या पेपरच्या ई-पेपरवर जाऊन ते पान शोधा. पान सापडलं नाही तर कात्रण पुढे पाठवू नका, काकांनी पाठवलं असलं तरी.

आणि तक्रार

दैनिकाच्या शेवटच्या पानावर अगदी तळाला प्रिंट लाइन असते. तिथे संपादकांचं नाव आणि बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी कोणाची ते छापलेलं असतं. त्या नावाने पत्र लिहा. 'तुमचा पेपर विकला गेलाय' असं लिहू नका, असली पत्रं आम्ही न वाचता बाजूला ठेवायचो. 'अमुक तारखेच्या, अमुक पानावरच्या बातमीत पाच जण बोलले, त्यात एकही प्रकल्पग्रस्त नाही' असं लिहा. असलं पत्र डेस्कवर फिरतं, मी फिरताना पाहिलंय. उत्तर मिळालं नाही तर प्रेस कौन्सिलकडे जाता येतं. दैनिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत जोडून. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते. निवडणुकीत जिल्हाधिकारी कार्यालयात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, पेड न्यूजची तक्रार तिथे द्या.

एक परीक्षा मात्र स्वतःचीच घ्यायची आहे. बातमीतलं पक्षाचं नाव बदला, दुसऱ्या पक्षाचं घाला आणि पुन्हा वाचा. राग तेवढाच येतो का? रविवारी आमचे एक आजोबा या परीक्षेत दर वेळी नापास होतात आणि दर वेळी उठून चहा सांगायला जातात.

माझा भाऊही नापास झाला, त्याची गोष्ट सांगते. गेल्या जानेवारीत मी निफाडला गेले होते. रानात कांद्याची लागवड चालली होती, पंधरा-सोळा बाया वाफ्यात वाकून रोपं टोचत होत्या. भाऊ बांधावर उभा राहून मला पुण्याच्या पेपरवाल्यांचा कल समजावून सांगत होता. सगळं बरोबरच सांगत होता. मी म्हटलं, "तुझ्या ग्रुपवर रोज वीस कात्रणं येतात. कांदा लावणाऱ्या बायांच्या मजुरीवर एक तरी आलंय का?" तो म्हणाला, "त्याची कुठं बातमी असती का?" जवळच्या वाफ्यातली एक बाई मान वर न करता म्हणाली, "कांदा चढला की आम्हाला खायला परवडत नाही, उतरला की भाऊ म्हनतात मजुरी कमी घ्या."

भावाने मोबाइल काढला आणि फोन लावायचं निमित्त करून तो विहिरीकडे गेला. मी तिचं नाव विचारलं. तिने रोपांची पुढची मूठ उचलली आणि म्हणाली, "नाव कशाला, पेपरात देता की काय?"